पेन्सिल जिथे थांबली

अप्पा बळवंत चौकात गणिताचं पुस्तक मागितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कितवं सेमिस्टर?" मी सेहेचाळीस वर्षांची, खांद्याला बँकेत न्यायची पर्स. म्हटलं, "सेमिस्टर नाही हो, मलाच वाचायचंय." काकांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. "ॲनालिसिस ना? रुडिन न्या. सगळे तेच नेतात."

ॲनालिसिस म्हणजे कॅल्क्युलसच्या मुळाशी असलेलं काटेकोर गणित, आणि रुडिन हे त्यावरच्या पुस्तकाच्या लेखकाचं नाव. सगळे नेतात म्हणून मी कधी साडीसुद्धा घेतली नाही, पण ते पुस्तक घेतलं. १९७६ची तिसरी आवृत्ती, सेकंडहँड. आधीच्या मालकाने पेन्सिलने खुणा केलेल्या. पहिलं प्रकरण नुसतं रंगवलेलं, दुसऱ्यात कॉम्पॅक्ट सेटची (ज्याला झाकणाऱ्या कितीही खुल्या संचांतले मोजकेच पुरतात, अशा संचाची) व्याख्या दोनदा अधोरेखित, आणि पुढे शेवटपर्यंत पानं कोरी करकरीत. मला हसू आलं. पंधरा दिवसांनी मीही त्याच पानावर बसले होते.

पुढच्या खेपेला मात्र शहाणी झाले. बी.एस्सी.ला घोकलेला एक सिद्धांत मनात धरून गेले: बंदिस्त (दोन्ही टोकं धरलेल्या), मर्यादित अंतरालावर सतत असलेलं फल युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं. म्हणजे फलाच्या किमतींतला फरक ठरवलेल्या मर्यादेत ठेवायला बिंदू एकमेकांच्या किती जवळ हवेत, त्याचं एकच माप, डेल्टा, सगळीकडे पुरतं. परीक्षेत तो मी दोनदा लिहिलाय, कळला एकदाही नव्हता. ० ते १ या खुल्या अंतरालावर १/क्ष घ्या. १/१०० आणि १/१०१ यांच्यात एक दहा हजारांशाहूनही कमी अंतर, पण फलाच्या किमती १०० आणि १०१. शून्याकडे जावं तसा हवा तो डेल्टा आक्रसत जातो, सगळीकडे पुरेल असा एक सापडतच नाही. मग टोकं आत घेतली की तो कुठून येतो? दुकानात उभ्याउभ्या प्रत्येक पुस्तकात हेच पान काढलं. एका गाइडमध्ये उत्तर होतं, "हे उघड आहे." ते लगेच परत ठेवलं.

बार्टल आणि शेर्बर्ट या जोडीच्या पुस्तकात उलटं धरलंय: समजा एकच डेल्टा पुरत नाही, तर एकमेकांजवळ सरकत जाणाऱ्या, पण किमती दूर ठेवणाऱ्या बिंदूंच्या जोड्या मिळतात. त्यांतून एक अभिसारी, म्हणजे एकाच बिंदूकडे सरकत जाणारी, उपक्रमिका काढायची, आणि ती जिथे पोचते तो बिंदू अंतरालातच असल्याने तिथलं सातत्य मोडतं. पर्स काखेत मारून तिथेच वाचलं, कळलं. पाचशेच्या नोटा काढल्या. (शेवटी निवडक गणितांसाठी सूचनाही आहेत. रात्री दहाला विचारायला कोण असतं?) कॉम्पॅक्टनेस त्यात थेट अकराव्या प्रकरणात येतो, तोवर माणूस रुळलेला असतो.

आठेक महिन्यांनी रुडिन पुन्हा काढलं. तोच सिद्धांत तिथे चौथ्या प्रकरणात: प्रत्येक बिंदूभोवती एक खुला शेजार (टोकं न धरलेला लहानसा भाग), त्यांच्या त्रिज्या अर्ध्या केल्या तरी त्यातले मोजकेच सगळं झाकायला पुरतात, त्या अर्ध्या त्रिज्यांतली सर्वांत लहान तो डेल्टा. शब्दाला इतका कंजूष माणूस, पण इथे कंस उघडून सांगतो की मोजक्याच धन संख्यांतली सर्वांत लहान धनच असते, अनंत असतील तर त्यांची सर्वांत मोठी खालची सीमा शून्यही होऊ शकते. १/क्षचं दुखणं नेमकं हेच होतं.

त्या ओळीवर पेन्सिलची खूण नव्हती. मी केली.