चेंबरचा नट अडकला होता, तो असा काढला

आमची मारुती 800 बाबांच्या वेळची आणि घर मांद्र्याला, समुद्राजवळ. त्यामुळे गाडीच्या खालच्या लोखंडाचं काय होतं ते इकडच्या लोकांना सांगायला नको, वर्षभर खारा वारा आणि जूनपासून पाऊस. चवथीच्या आधी ऑइल बदलून घेऊ म्हणून खाली शिरलो तर चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन नट (जुनं ऑइल सोडायचा नट) हलायलाच तयार नाही. गंज होताच, पण खरं कारण म्हणजे मागच्या सर्व्हिसला एका गॅरेजमध्ये तो हवेच्या गनने आवळलेला, वॉशरही जुनाच ठेवलेला, पार चेपून चेंबरला चिकटलेला. नटाचा एक कोपरा तर आधीच झिजलेला दिसत होता. असं काम बघितलं की राग येतो, दोन मिनिटं वाचवायची आणि त्रास पुढच्याला.

अशा वेळी लगेच जोर लावायचा नाही. नटाचे कोपरे शाबूत आहेत तोवरच सगळं सोपं आहे, ते गोल झाले की खर्च वाढतो. घरातला रिंग पाना बहुतेक बारा कोनी असतो, तो नटाला कोपऱ्यांपाशी पकडतो आणि जोर आला की सटकतो. सहा कोनी गोटी, म्हणजे नटावर वरून बसणारा सॉकेट, सपाट बाजूंवर बसते. म्हणून म्हापशाला जाऊन नेमक्या नंबरची सहा कोनी गोटी आणि ती फिरवायला लांब टॉमी (दांडा) आणली. फिक्स पाना आणि पाइप पाना तर या नटाला लावूच नका.

आधी तारेच्या ब्रशने डोक्यावरची तांबडी माती खरवडून काढली, कारण माती राहिली तर गोटी पूर्ण आत बसत नाही आणि मग कडेवरूनच घसरते. मग गंज सोडवणारा स्प्रे. आटे आत ऑइलमध्येच भिजलेले असतात, ते सहसा गंजत नाहीत, अडकतं ते वॉशरच्या तोंडाशी, तेव्हा स्प्रे तिथेच मारायचा आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी वाड्यावरचे एक जुने मेस्त्री आले, ते म्हणाले, "अरे बाबू, गाडी थोडी फिरवून आण, ऑइल कोमट होऊ दे. मग डोक्यावर सरळ ठोके दे, पण हलके, चेंबर पत्र्याचा आहे." चेंबर पत्र्याचा की ॲल्युमिनियमचा हे कळत नसेल तर चुंबक लावून बघा, ॲल्युमिनियमला चिकटत नाही आणि त्याचे आटे फार लवकर जातात.

गाडी स्टँडवर घेतली, नुसत्या जॅकवर कधीच नाही, कारण टॉमी ओढताना गाडीला चांगलाच हिसका बसतो. दिशेचा घोळ इथेच होतो, खाली उताणं पडल्यावर डावं उजवं कळत नाही, नटाच्या डोक्याकडे बघून घड्याळाच्या उलट फिरवायचं एवढं धरून ठेवा. एका हाताने गोटी नटावर घट्ट दाबून धरली आणि दुसऱ्याने टॉमी टोकाला पकडून हळूहळू ताण वाढवत नेला, झटका नाही. एकदम टक् असा आवाज झाला, वॉशरभोवतीचा गंज कवच फुटल्यासारखा उडाला आणि कडेने काळं ऑइल झिरपायला लागलं. इतकं बरं वाटलं की काय सांगू! पुढे हातानेच निघाला.

कोपरे आधीच गेले असतील तर एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवतात, नाहीतर छिन्नी कडेला तिरकी लावून उलट्या दिशेने सरकवतात. नटावर दुसरा नट वेल्ड करून काढतात तेही खरं, पण ऑइलजवळ आग आणायचं ते काम मेस्त्रीवरच सोडा, घरी गॅसची ज्योत अजिबात लावू नका. फारच अडलं तर डिपस्टिकच्या भोकातून पंपाने ऑइल ओढून त्या वेळचं काम भागतं.

नवीन नट आणि नवीन वॉशर घातला, वॉशर दरवेळी बदलायचाच. सुरुवातीचे आटे बोटांनी लावले, पाना नंतर. आवळायचा जोर (टॉर्क) छोट्या गाड्यांना साधारण 30 ते 40 न्यूटन मीटर पुरतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. नवीन ऑइल भरून इंजिन थोडं चालवलं आणि नटाखाली पांढरा कागद ठेवून बघितलं, कोरडा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून जे गॅरेज गोळा करतं त्यांना दिलं, माडाच्या मुळाशी नाहीतर गटारात ओतू नका, आपल्याकडे विहीर अंगणातच असते.