टोकिटाय नावाची फेरीबोट

सिअॅटलच्या उत्तरेला असलेल्या मुकिलटिओ गावातून व्हिडबी बेटावर गाड्या घेऊन जाणाऱ्या एका फेरीबोटीचे नाव ‘टोकिटाय’ आहे. पहिल्यांदा तिच्यावर गाडी चढवली तेव्हा ते एखाद्या नदीचे नाव असेल, असे मी गृहीत धरले होते. इथल्या जुन्या व्यापारी बोलीतल्या या शब्दाचा अर्थ ‘छान दिवस, सुंदर रंग’ असा सांगतात. बोटीच्या कितीतरी आधी ते नाव एका ओर्का मादीला दिलेले होते आणि ती ज्या खाडीत पकडली गेली ती पेन कोव्ह खाडी याच बेटावर आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. (काटेकोरपणे पाहिले तर ओर्का हा डॉल्फिन कुळातला सर्वांत मोठा प्राणी, पण आपण त्याला देवमाशांतच धरतो आणि इथे तेवढे चालून जावे.)

पेन कोव्हचे पाणी संथ आहे. कूपव्हिल गावाच्या लाकडी धक्क्यावरून पाहिले की शिणाण्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शेतीचे तराफे ओळीने तरंगताना दिसतात. इथली शिणाणी प्रसिद्ध आहेत आणि धक्क्यावरच ती वाफवून मिळतात. ८ ऑगस्ट १९७० रोजी याच पाण्यात वेगवान बोटी आणि विमानाच्या मदतीने, पाण्यात स्फोटके टाकून, सुमारे ८० ओर्का हाकून आणले गेले आणि जाळी लावून पिल्लांना आयांपासून वेगळे काढले गेले. मोठ्या प्राण्याची वाहतूक अवघड, म्हणून मागणी लहानांनाच होती. सात पिल्ले मत्स्यालयांना विकली गेली. त्या धरपकडीत पाच ओर्का मेले आणि त्यांतली चार पिल्ले होती. हे लपवण्यासाठी पिल्लांची पोटे फाडून त्यांत दगड भरले गेले व शेपटांना नांगर बांधून ती बुडवली गेली. तरीही काही महिन्यांतच त्यांतले काही देह वर आले आणि लोकांना हा प्रकार समजला.

सुमारे चार वर्षांची टोकिटाय मायामीला गेली आणि तिथे ‘लोलिटा’ या नावाने खेळ करू लागली. तिची टाकी ८० फूट लांब, ३५ फूट रुंद आणि सर्वांत खोल जागी २० फूट होती; तिची स्वतःची लांबीच जवळजवळ २० फूट होती. तिच्याच समुदायातला ह्यूगो नावाचा नर सोबत होता. तो टाकीच्या भिंतीवर वारंवार डोके आपटत असे आणि १९८० मध्ये मेला. त्यानंतरची ४३ वर्षे तिने दुसरा ओर्का पाहिला नाही.

टाकीच्या या मापांवर वर्षानुवर्षे वाद झाले, आंदोलने झाली, खटले चालले. मला मात्र हा वाद मुळातच अपुरा वाटतो, कारण टाकी दुप्पट केली असती तरी तिची हानी भरून निघणार नव्हती. टोकिटायच्या समुदायातले ओर्का जन्मभर आईच्या कुटुंबात राहतात. मुलगेही आईला सोडून जात नाहीत. प्रत्येक गोताची हाकांची स्वतःची बोली असते. टोकिटाय ज्या ‘एल’ गोतातली होती, त्या गोतातल्या हाका ती मायामीतही देत असे, असे तिचे आवाज ऐकणाऱ्यांनी नोंदवले आहे. ऐकणारा ओर्का तिथे कोणीच नव्हता.

व्यापारी देवमासेमारीवर आंतरराष्ट्रीय बंदी १९८६ पासून लागू आहे. जपानने २०१९ मध्ये ही बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोगातून अंग काढून घेतले, यावर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. पण जिवंत पकडून नेलेला प्राणी आपण शिकारीच्या हिशेबात धरत नाही. समुद्रात मागे राहिलेल्या गोताच्या दृष्टीने भाल्याने मारलेले पिल्लू आणि विमानाने नेलेले पिल्लू यांत काहीच फरक नसतो. दोन्ही परत येत नाहीत. १९६० आणि १९७० च्या दशकांत टोकिटायच्या एका समुदायातले सुमारे ४५ ओर्का असे गेले, आणि ते बहुतेक लहान असल्यामुळे पुढे ज्यांना पिल्ले व्हायची ती पिढीच विरळ झाली. १९७६ मध्ये वॉशिंग्टन राज्याचे सरकार न्यायालयात गेल्यावर इथली धरपकड थांबली. २००५ मध्ये हा समुदाय संकटग्रस्त जाहीर झाला. आज त्यात सुमारे ७५ प्राणी आहेत. त्यांचे मुख्य अन्न असलेला चिनूक सामन मासाही घटला आहे आणि जहाजांचा आवाज आहेच. ओर्का जवळ असले की फेरीबोटी वेग कमी करतात.

भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनना खेळांसाठी बंदिस्त ठेवण्यास मनाई केली आणि डॉल्फिनांकडे ‘मानवेतर व्यक्ती’ म्हणून पाहावे, असे त्या परिपत्रकात म्हटले. आपण हे वेळेत केले, याचे मला इथे बसून बरे वाटते.

टोकिटायला घरच्या पाण्यात आणण्याची योजना मार्च २०२३ मध्ये जाहीर झाली. १८ ऑगस्टला ती टाकीतच मेली. ओर्कांना समुद्राखालचे आपले नातेवाईक मानणाऱ्या, इथल्या मूळनिवासी लम्मी लोकांनी तिची राख मागून घेतली आणि सप्टेंबरमध्ये ती याच समुद्रात सोडली.