काचेआडचे ऊन

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाणेरच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर मी एका आजींना पाहायला गेलो होतो. एरवी एवढ्यासाठी मी कोणाच्या घरी जात नाही. पण त्यांच्या एका वाक्याने मला दोन दिवस झोप लागू दिली नव्हती.

आजींचे वय 68. शुक्रवार पेठेतला वाडा पाडल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या, त्याला चार वर्षे झाली होती. दीड वर्षापासून मांड्या भरून येत, जिना चढवत नसे, खाली बसल्या की उठताना हाताला काहीतरी धरायला लागे. मी संधिवात समजून गोळ्या देत राहिलो. त्या दिवशी मात्र त्या दोन्ही बाजूंना डुलत दवाखान्यात शिरल्या आणि बरगडीवर बोट ठेवताच कळवळल्या, तेव्हा कोठे मी रक्त तपासायला पाठवले. ड जीवनसत्त्व प्रतिमिलिलिटर 7 नॅनोग्रॅम निघाले. 20 च्या खाली गेले की कमतरता धरतात. फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडांशी निगडित विकर वाढलेले, आणि एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेशी लूझर झोन म्हणतात ती आडवी, पुसट रेघ. हाडे मऊ पडली होती. हा ऑस्टिओमलेशिया होता.

उन्हाचे विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "रोज तासभर बसते हो डॉक्टर. तुम्हीच सांगितलं होतंत ना, सकाळचं कोवळं ऊन घ्या म्हणून?"

सांगितले होते खरे. म्हणूनच ते ऊन पाहायला मी गेलो. पूर्वेची बाल्कनी, कबुतरांच्या त्रासामुळे सरकत्या काचा लावून बंद केलेली. आत खुर्ची, खुर्चीवर उशी, आणि सकाळी सात ते आठ या वेळात आजींच्या अंगावर येणारे छान उबदार ऊन. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण लागतात आणि साधी खिडकीची काच ते जवळजवळ सगळे अडवते. ऊब तेवढी आत येते. काच नसती तरी फार फरक पडला नसता, कारण सकाळचे तिरपे किरण वातावरणातून लांबचा पल्ला कापून येतात आणि त्यातले हे किरण ओझोनचा थर वाटेतच शोषून घेतो. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उरलेल्यात आपला वाटा घेते. वाड्यात असताना आजी मुद्दाम ऊन घ्यायला कधीच बसल्या नव्हत्या; चौकात धुणे, निवडणे, वाळवणे यांत दुपार जाई आणि जीवनसत्त्व आपोआप मिळे.

सूनबाईंना तपासायला सांगितले, तर त्यांचेही 11 निघाले. त्या हिंजवडीला दुचाकीने जातात, आणि पुण्यातल्या दुचाकीवरच्या स्त्रिया डोळे सोडून काय उघडे ठेवतात हे सर्वांना ठाऊक आहे.

आजींना ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे दिली, सोबत कॅल्शियम. एवढ्या कमतरतेत नुसत्या उन्हावर विसंबणे मला पटत नाही. पुढे पातळी टिकावी म्हणून मात्र ऊन हवेच होते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे, असा ढोबळ नियम आहे. पुण्यात डिसेंबरअखेरीस सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, आणि तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम 48 अंश चढतो. म्हणजे त्या दिवसांत हा नियम भरदुपारी थोडा वेळच लागू पडतो. ते पाहायला आम्ही गच्चीवर निघालो, तर दाराला कुलूप. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, आणि ते कामावर गेलेले.

तीन महिन्यांनी आजी आल्या तेव्हा स्टुलावरून हात न टेकता उठल्या. पातळी 34 झाली होती. मी चिठ्ठी लिहायला घेतली, तशा त्या म्हणाल्या, "गोळ्यांच्या खाली तेवढं गच्चीचं लिहा. तुमच्या सहीशिवाय ते किल्ली देणार नाहीत."

मी लिहिले: दुपारी, गच्चीवर, हात-पाय उघडे ठेवून, 20 मिनिटे. खाली सही केली आणि शिक्काही मारला.