साडेबासष्ट रुपयांचा सुविचार

रविवार, 1 जून 2025

सकाळपासून अण्णांची वही पुढ्यात आहे. वरणाचा कुकर दोनदा विसरले. तिसऱ्या वेळी शेजारच्या वहिनींनीच हाक मारली, "काकू, शिट्ट्या मोजताय ना?"

वही म्हणजे शंभर पानी, उभी, अरुंद, हिशेबाच्या वह्या असायच्या तशी. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाचा रोजमेळ, म्हणजे रोजचा जमाखर्च, लिहिला आणि घरी येऊन स्वतःचा. घरचे रोजमेळ लाल कापडी बांधणीचे, एकोणीस आहेत. ही वही मात्र वेगळी. तिच्यात आकडे नाहीत, चार-दोन ओळींचे उपदेश आहेत. कोणाला केलेले, ते लिहिलेलं नाही. प्रत्येकाखाली तारीख आहे, कारण तारखेशिवाय काही लिहिणं त्यांच्या हाताला जमतच नसे. पहिली नोंद 1973 ची, शेवटची 2008 ची. पस्तीस वर्षांत जेमतेम साठ पानं भरली आहेत.

पहिलीच नोंद वाचून थांबले. "मिलोची भाकरी मोडते म्हणून रागावू नये. भाजणारीसुद्धा ती पहिल्यांदाच भाजते आहे." बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर ती तांबडी ज्वारी यायची. मला तिची चव आठवत नाही, पण आई परातीत पीठ थापताना कडा चिरायच्या आणि ती ओल्या बोटाने त्या पुन्हा पुन्हा सांधायची, ते आठवतं. अण्णा त्या दिवशी रागावले असणार. नाहीतर हे लिहायचं कारणच काय?

हे डोक्यात आलं आणि माझा सगळा रविवार गेला. उठले, माळ्यावरून रोजमेळ काढले आणि वहीतली एकेक तारीख त्यांच्याशी ताडून बघायला लागले.

"कोणाला जामीन राहण्याआधी तेवढे पैसे आपण त्याला बक्षीस दिले असं समजून एक रात्र काढावी. झोप लागली तर सही करावी." ऑगस्ट 1976. वाचायला किती छान. मी शिक्षिका असताना हे फळ्यावर लिहिलं असतं तर मुख्याध्यापकांनी कौतुक केलं असतं. आता त्याच महिन्याचा रोजमेळ बघा. नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, शाईच्या पेनाने: "पतपेढी, जामीनकीचा हप्ता, 62 रु. 50 पै." पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. मी मोजले, चोवीस हप्ते. दीड हजार रुपये. अण्णांचा पगार तेव्हा दोनशे दहा होता. त्या दोन वर्षांच्या पानांवर दूध अर्ध्या लिटरवरून पावशेरावर आलेलं दिसतं आणि माझ्या नव्या गणवेशाची नोंद कुठेच सापडत नाही. मी मोठ्या बहिणीचा घालून जायचे, ते मला अजून लख्ख आठवतं. कारण आज कळलं.

ज्याच्यासाठी सही केली त्याचं नाव दोन्हीकडे नाही. आईलाही सांगितलं नसावं.

तेव्हापासून ही वही मला वेगळीच दिसायला लागली आहे. एकेक उपदेश म्हणजे भरून झालेल्या बिलाची पावती. "पत्र रागात लिहावं, पाकिटावर पत्ता दुसऱ्या दिवशी घालावा" याच्या आदल्या आठवड्यात रोजमेळात दोन तारा आहेत, दोन्ही पुण्याच्या काकांना. अण्णांसारखा माणूस तार करतो, तीही दोनदा, म्हणजे आधीच्या पत्राची भरपाई चालली होती. "नमुना हातात घेऊन मगच भाव बोलावा" हे तर शुद्ध धंद्यातलं. तेव्हा हळदीचे सौदे रुमालाखाली बोटं धरून व्हायचे. बोट एकदा दाबलं की दाबलं. कुठलं बोट चुकून दाबलं गेलं ते शेठजींना माहीत आणि अण्णांना.

काहींचा माग लागतच नाही. "आजाऱ्याला भेटायला गेलं की चहाला नाही म्हणावं. तो करायला त्याच्याच घरचं माणूस उठतं." "उसन्या डब्याचं झाकण परत मागू नये." हे दुसरं वाचून हसले. आमच्याकडच्या निम्म्या डब्यांना झाकणं नव्हती.

अण्णा रोज संध्याकाळी दासबोधाचा एक समास वाचायचे. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे दोनशे दिवसांत एक आवर्तन. दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. तो आला की आवाज जरा चढायचा आणि प्रत्येक ओवीला "तो येक मूर्ख" म्हणताना ते आमच्याकडे बघायचे असं आम्हा बहिणींना वाटे. आता वाटतं, ते आमच्याकडे बघत नसावेत. त्या यादीच्या शेवटाकडे एक मूर्ख आहे, जो स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचायला देत नाही, पोथी नुसती बांधून ठेवतो. ही वही मी सहा वर्षं जुन्या धोतरात बांधून ठेवली होती. बसले गुपचूप.

माझं स्वतःचं सांगायचं तर एकतीस वर्षं रोज फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुविचार लिहिला. आठवडाभराची पाळी, रंगीत खडू, खाली नागमोडी रेघ. चाळीसेक सुविचार होते, तेच फिरून फिरून. एका वर्षी "आजचे काम उद्यावर ढकलू नका" हे अख्खी दिवाळीची सुट्टी फळ्यावर राहिलं, कारण पुसायचं काम सगळ्यांनी उद्यावर ढकललं होतं. त्या चाळिसांपैकी एकाने तरी कोणाचं काही भलं झालं असेल का, कोण जाणे. मला तरी एकही कधी वेळेवर आठवला नाही.

अण्णांचा एक मात्र आठवला. 2005 च्या पुरात सगळं गाव कृष्णेचं पाणी बघायला आयर्विन पुलाकडे लोटलं होतं. अण्णाही छत्री घेऊन गेले. परत आले तोवर गावभागातल्या आमच्या घरात घोटाभर पाणी आणि कपाटाचा खालचा खण भिजलेला. पाच रोजमेळांचा लगदा झाला. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरून हळद गेली, त्या हळहळीत आमच्या वह्यांचं कोणाला काय? पण वहीत नोंद आहे: "पूर बघायला जायचं तर खालचा खण रिकामा करून जावं." 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा अण्णा जाऊन आठ वर्षं झाली होती. इशारा पातळी चाळीस फूट, धोक्याची पंचेचाळीस, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. रात्री पंचेचाळीसचा आकडा ऐकला आणि आधी खालचा खण माळ्यावर नेला, मग बाकीचं. पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, सासूबाईंचं शिसवी कपाट फुगून गेलं. ही वही आणि उरलेले रोजमेळ कोरडे राहिले.

मुलाला मघाशी फोनवर हे सगळं सांगितलं. तो पुण्यात गाडी चालवताना पहाटे पाचला उठायचे फायदे ऐकतो आणि साडेआठला उठतो. म्हणाला, "आई, रोज एक टाक ना ग्रुपवर, लोकांना आवडेल." आवडेल, खरं आहे. सुप्रभात आणि गुलाबाच्या फुलासकट पुढे जाईल. पण साडेबासष्ट रुपये कापून घेतले तर त्या ओळीत उरतं काय? नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं. बघू.

संध्याकाळी एकच नोंद ताडायची राहिली होती. मुद्दामच राहू दिली होती.

"बायकोला काय होतंय हे एकदा विचारून भागत नाही. दोनदा विचारावं. पहिलं उत्तर 'काही नाही' असंच असतं." मे 1989.

आई गेली मार्चमध्ये. मार्चचा रोजमेळ काढला. "रिक्षा 5 रु. औषध 14 रु. 20 पै. मोसंबी 6 रु." त्यानंतर तेरा दिवस कोरे. अण्णांच्या सगळ्या रोजमेळांत असे कोरे दिवस दुसरे नाहीत. चौदाव्या दिवशी परत तेच वळणदार अक्षर, दूध, वर्तमानपत्र, किल्लीवाला. मी तेव्हा मिरजेला नोकरी करत होते. घर अर्ध्या तासावर. त्या आठवड्यात येऊन गेले होते आणि मीही एकदाच विचारलं होतं.

रोजमेळ परत धोतरात बांधले, वही बाहेर ठेवली. धाकटीला नागपूरला फोन केला. तिला दिवाळीत यायचं आहे. म्हटलं, आधी ये.

यंदा पावसाने मे महिनाच धुऊन काढला. वहीत लिहिलेलं आहे, "पहिल्या पावसाआधी छत्री उघडून बघावी." गेल्या मंगळवारी मंडईत भर पावसात उघडली तेव्हा कळलं, दोन काड्या तुटल्या आहेत. दुरुस्तीला तीस रुपये सांगितले आहेत. उद्या टाकायची आहे.