अडकलेला हर्निया आणि बाबांचं बीपी २००/११०: माझा अनुभव

बाबांचा जांघेतला हर्निया जुनाच, आडवं झालं की आत जायचा म्हणून ऑपरेशन पुढे पुढे ढकलणं चालू होतं. त्या रात्री मात्र तो आत जाईचना, गाठ टणक, पोट फुगलेलं आणि हिरव्या उलट्या. मिरजेला कॅज्युअल्टीत नेलं तर बीपी २००/११०. सर्जन म्हणाले आतडं अडकलंय, रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत काळं पडेल, आत्ताच घ्यावं लागेल.

मामांचं एकच, आधी बीपी नॉर्मल करा मगच हात लावा. खिशातून निफेडिपिनची (बीपी झटकन उतरवणारं औषध) कॅप्सूलपण काढली, जिभेखाली ठेवायला! भुलेच्या डॉक्टर मॅडमनी ती आधी परत खिशात ठेवायला लावली. म्हणाल्या, मामा, ठरवून करायचं ऑपरेशन असतं तर १८०/११० च्या वर मीच पुढे ढकललं असतं, पण आतडं थांबणार नाही, आणि मला आत्ता १२० नकोच आहे. वर्षानुवर्षं बीपी असलेल्यांच्या मेंदूला, किडनीला जास्त प्रेशरची सवय असते, धाडकन उतरवलं तर रक्त कमी पडून लकवा किंवा अटॅक यायचा. मामा गप्प (हे दुर्मिळ).

मग त्यांनी आधी दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं, कारण त्यातलं बरंच बीपी दुखण्याचं आणि भीतीचं होतं. नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं, सलाईन, लघवीची नळी, ईसीजी, आणि उलट्यांनी पोटॅशियम उतरतं म्हणून तेही बघितलं. लॅबेटालॉल हे बीपी उतरवणारं औषध थोडं थोडं देत देत बीपी १७० च्या आसपास आलं तसं लगेच आत घेतलं.

मी विचारलं पाठीतलं इंजेक्शन नाही का चालणार, शेजारच्या काकांचा हर्निया तसाच केलेला. तर त्यांनी उलट मलाच विचारलं, सकाळी कुठल्या गोळ्या घेतल्या? पाकिटांचा फोटो मोबाईलमध्ये होता म्हणून बरं, टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल, दोन्ही बीपीच्या. मॅडम म्हणाल्या, मेटोप्रोलॉल घेतली ते चांगलं, ती अचानक बंद करायची नसते, पण टेल्मिसार्टन पोटात, अंगातलं पाणी कमी, त्यात पाठीतल्या भुलेने रक्तवाहिन्या सैल पडल्या तर बीपी सावरणं अवघड. शिवाय उलटी छातीत जायची भीती. म्हणून पूर्ण भूल, झटपट, गळ्यावर बाहेरून दाबून धरून श्वासाची नळी टाकायची, आणि ती टाकताना बीपी उसळतं म्हणून आधी फेंटानिल, म्हणजे दुखणं मारणारं जोरदार इंजेक्शन.

आत काय झालं ते नंतर कळलं. भूल दिल्यावर बीपी ९० पर्यंत उतरलं होतं, मेफेन्टरमाइन (बीपी वाढवणारं औषध) आणि सलाईनवर सावरलं. आतडं निळसर होतं, सर्जननी गरम सलाईनच्या ओल्या पॅडमध्ये गुंडाळून वाट बघितली, रंग परत आला, कापावं लागलं नाही, हर्नियाच्या जागेला आधार द्यायची जाळी बसवता आली. बाहेर सही करून बसलेल्या आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. उठवतानापण खोकला आणि बीपी दोन्ही उसळतात म्हणे, टाक्यांवर ताण येतो, त्यामुळे शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मॅडम हललेल्याच नाहीत.

टेल्मिसार्टन लगेच दिली नाही, लघवी व्यवस्थित व्हायला लागली, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल आलं, मगच चालू केली. बाबांची तक्रार मात्र फक्त घसा दुखतोय आणि चहा कधी मिळणार एवढीच.