तुम्ही विचारलंत म्हणून : हायब्रिडची वाढीव वॉरंटी

आमच्या सोसायटीत पहिली हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, माझी, २०२२ च्या दिवाळीतली. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी आणि एकदा तर बारशाच्या जेवणावळीत मला हाच प्रश्न येतो : "काकू, एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलीत का?" घेतली म्हटलं की लगेच, "म्हणजे घ्यावीच ना?" तेवढ्यात चौथा मजला येतो आणि उत्तर राहून जातं. म्हणून एकदाच लिहून काढते.

डिलिव्हरीच्या दिवशी गाडीवरचा मखमली पडदा काढून झाला, हार झाला, पेढे झाले, फोटो झाले, आणि शोरूममधल्या मुलाने हळूच एक कागद पुढे सरकवला. "मॅडम, हायब्रिड आहे. उद्या बॅटरी गेली तर खर्च लाखांत. साडेअठरा हजार भरा, पाच वर्षं बिनघोर." मला त्या मुलाचा राग आला नाही. मी ३१ वर्षं बँकेत काढली आहेत. गृहकर्जाच्या कागदांत विम्याचा फॉर्म घुसवून "साहेब, उद्या काही झालं तर..." असं म्हणायचं काम मीही केलंय, मार्चअखेरीला जरा जास्तच. सूर ओळखीचा होता, म्हणून म्हटलं, "पुस्तिका दे, घरी वाचते."

वाचली. बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी येईल ते, अशी कंपनीची वॉरंटी गाडीबरोबरच मिळालेली होती, एक रुपयाही जादा न देता. ही काही माझ्याच गाडीची कथा नव्हे. टोयोटा, मारुती, होंडा, तिघांच्याही इथल्या स्ट्राँग हायब्रिडना (म्हणजे अधूनमधून नुसत्या विजेवरही चालणाऱ्या गाड्यांना) बॅटरीपुरती हीच मुदत आहे. बाकी गाडीची मूळ वॉरंटी तीन वर्षांची. तो मुलगा मला विकत होता त्यापुढचं चौथं आणि पाचवं वर्ष, आणि माझी बॅटरी २०३० पर्यंत सुरक्षित होती. ज्या गोष्टीची भीती घातली, तिचा त्या साडेअठरा हजारांशी काडीचा संबंध नव्हता. मी त्या दिवशी पैसे भरले नाहीत.

इथे एक खुलासा. तुमच्या गाडीवर 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं असेल, तर हे पुराण तुमच्यासाठी नाही. ती माइल्ड हायब्रिड. पट्ट्यावर चालणारी एक छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, इतकंच. गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. तिचा हिशेब साध्या पेट्रोल गाडीसारखाच करायचा.

मग वाढीव वॉरंटीत मिळतं काय? बॅटरी सोडून उरलेली गाडी. आणि हायब्रिडमध्ये ही उरलेली गाडी जरा वेगळी असते. काही भाग तिच्यात नसतातच. माझ्या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लचप्लेट नाही. टोयोटा-मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये गिअरबॉक्स म्हणजे दोन मोटरी आणि दातेरी चाकांचा एक संच. नावात सीव्हीटी (एरवी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलं तरी झिजणारा पट्टा त्यात नाही. ब्रेक लावताना चाकांची बरीच ताकद मोटर वीज करून बॅटरीत परत भरते, त्यामुळे ब्रेकपॅडही जास्त टिकतात. आमच्या मेकॅनिकचं यावर एकच वाक्य आहे : "मॅडम, तुमच्या गाडीत मला काही कामच नाही."

पण त्याला काम नाही, तिथेच मेख आहे. यंत्र कमी झालं आणि इलेक्ट्रॉनिक्स वाढलं. बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टर, साध्या १२ व्होल्टसाठी वेगळा कन्व्हर्टर, पट्ट्यावर न चालता थेट विजेवर चालणारा एसीचा कॉम्प्रेसर, मोटरचं आणि तेलाचं ब्रेकिंग जुळवून घेणारा ब्रेकचा भाग, शिवाय सेन्सर आणि डॅशबोर्डवरचे स्क्रीन. हे सहसा बिघडत नाहीत. बिघडले तर उघडून दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा भाग बदलतात, आणि तेही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावत नाही, आणि लावूही नये. बॅटरीच्या त्या ८ वर्षांच्या वॉरंटीत इन्व्हर्टरही येतो का, हे पुस्तिकेत शोधा. माझ्या पुस्तिकेत फक्त बॅटरीचं नाव होतं. तेव्हा घ्यायचीच असेल तर या भागांसाठी घ्या, बॅटरीच्या धाकाने नको.

अपवाद आमचा भाचा. नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशी त्याची कामानिमित्त सतत भटकंती, वर्षाला ४०,००० किलोमीटर सहज. त्याने मला फोन करून विचारलं, "मावशी, तू नाही घेतलीस, मग मीही नको ना?" मी त्याला कागद-पेन घ्यायला लावलं. 'जे आधी येईल ते' हे चार शब्द सगळा खेळ बदलतात. ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची त्याची मूळ वॉरंटी अडीच वर्षांत संपणार, आणि बॅटरीची ८ वर्षांची म्हणतात ती बरोबर ४ वर्षांत! माझी गाडी वर्षाला ९,००० चालते. ८ वर्षांत ७२,००० होतील, म्हणजे मला तारीख आधी गाठेल, किलोमीटर नव्हे. त्याने वर्षं बघायचीच नाहीत, वाढीव वॉरंटीत किलोमीटरची मर्यादा किती आणि तिच्यात बॅटरी येते की नाही, एवढंच विचारायचं. त्याने पहिल्याच महिन्यात घेतली. बरोबर केलं.

तीन-चार वर्षांत गाडी विकणाऱ्यांनी मात्र उगाच पैसे घालू नयेत. कंपनीची वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होत असेल तर विकताना थोडा भाव मिळतो, हे खरं. पण त्या भरवशावर घेणं म्हणजे पाहुण्यांसाठी सोफा घेण्यासारखं.

कागदावर आणखी एक गोष्ट बघा : वॉरंटी देतंय कोण? गाडी बनवणारी कंपनी, शोरूम, की तिसरीच कुणी विमा कंपनी? माझ्या एका मैत्रिणीने जुनी गाडी घेताना अशी तिसऱ्याच कंपनीची घेतली होती, स्वस्त पडली म्हणून. एसीचा कॉम्प्रेसर गेला तेव्हा आधी त्यांचा माणूस येऊन बघणार, मग मंजुरी, मग 'झीज' म्हणून कपात. एप्रिलचे तीन आठवडे ती खिडक्या उघड्या टाकून फिरली.

मी शेवटी घेतली ती ३४व्या महिन्यात. तोवर मूळ वॉरंटी चालूच होती, घाई कशाला? या काळात गाडीचा स्वभाव कळला आणि आपलाही कळला, की ही गाडी आपण काही बदलणार नाही. पण थांबण्याची किंमत मोजावी लागली. साडेअठराचे साडेचोवीस हजार झाले होते, १८ टक्के जीएसटी धरून. आणि मूळ वॉरंटी एकदा संपू दिली की हे दार बंद तरी होतं, नाहीतर गाडी तपासून घेण्याच्या अटी लागतात. मुदतीच्या दोन महिने आधीची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली होती, गॅस बुकिंगच्या शेजारी.

एकदा घेतली की मग नियम पाळा. सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत ठिकाणीच, पावत्या फाईलला. बाहेरून हॉर्न, दिवे, कॅमेरा बसवताना वायर कापू देऊ नका, नाहीतर वायरिंगचं काहीही झालं की बोट तुमच्याकडेच. बॅटरीला थंड हवा मिळावी म्हणून मागच्या सीटच्या आसपास एक जाळी असते. आमच्या नव्या सीटकव्हरने ती झाकली होती, आणि ती कव्हरं शोरूमनेच बसवून दिली होती. मीच कात्रीने कापून मोकळी केली.

आणि कशाकशाचे पैसे मिळत नाहीत, तेही ऐका. पाणी शिरलं तर नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत गाड्या बुडाल्या. ते काम विम्याचं, वॉरंटीचं नव्हे. टायर, वायपर, ब्रेकपॅड नाही. मी महिनाभर लेकीकडे बंगळुरूला होते. परत आले तर गाडी ढिम्म. मोठ्या बॅटरीला काहीच झालं नव्हतं, पण गाडीचे कॉम्प्युटर जागे करणारी साधी १२ व्होल्टची बॅटरी बसली होती. ती बसली की हायब्रिड 'रेडी' होतच नाही. शेजारच्या दादांनी केबल लावून चालू करून दिली. नवी बॅटरी माझ्या खर्चाने.

त्यानंतर पावसाळ्यात उंदराने बॉनेटमधली वायर कुरतडली. सर्व्हिस सेंटरने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं : वॉरंटीत बसत नाही. साडेचोवीस हजारांतून आजवर मला एक दमडी परत मिळालेली नाही. इन्व्हर्टर ठणठणीत आहे, एसी गार आहे. बॉनेटमध्ये सध्या तंबाखूच्या दोन पुड्या बांधून ठेवल्यात, दर पंधरा दिवसांनी बदलते. लिफ्टमध्ये माझ्या पर्सला वास आला, तर तो त्याचा.