घरं तेवढीच, माणसं कमी

एखादं उपनगर किती जुनं आहे हे ओळखायला मी इमारतींकडे बघत नाही. रंग काय, कधीही काढून घेता येतो. मी बाग बघतो. झोपाळ्यापाशी रांग, घसरगुंडीवर ढकलाढकली, म्हणजे वस्ती नवी. झोपाळे मोकळे आणि बाकं भरलेली, की समजायचं, वस्तीनं पंचविशी केव्हाच ओलांडली.

नवं उपनगर वसतं तेव्हा तिथे साधारण एकाच वयाची माणसं येतात. लग्नाला फार वर्षं झालेली नसतात, मूल लहान असतं, कर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झालेले असतात. शहराजवळचं घर परवडत नाही म्हणून एक स्टेशन पुढे, मग आणखी एक स्टेशन पुढे. सगळे एकदम तरुण असतात, त्यामुळे सगळे एकदमच म्हातारे होतात. मधल्या काळात पोरं मोठी होऊन घर बघायला लागतात, तर आईबापांच्या उपनगरातले भाव त्यांच्या आवाक्याबाहेर गेलेले. मग तीही पुढे सरकतात. आईबाप मात्र हलत नाहीत. का हलावं? कर्ज फिटलंय, शेजार जमलाय, डॉक्टर ओळखीचा झालाय.

गंमत अशी की फारसं कुणी घर सोडत नाही आणि तरी लोकसंख्या घटते. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये 1947 ते 1951 या काळात 17 हजारांवर घरं उभी राहिली, मुख्यतः महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी. (कृष्णवर्णीयांना तिथे मज्जाव होता, तोही लेखी. जुन्या वस्त्यांच्या आठवणींनी गहिवरताना हे सोयीस्करपणे राहून जातं.) 1960 साली तिथे 65 हजारांवर माणसं होती, 2010 साली 52 हजारांच्या आत. घरं पडली नव्हती की ओसही पडली नव्हती. पूर्वी भावंडांनी भरलेल्या घरात आता दोघं-तिघं राहत होती, एवढंच. आकडेवारीत अशा उपनगराला उतरती कळा लागलेली दिसते आणि प्रत्यक्षात गाडी लावायला जागा मिळत नाही. कारण माणसं कमी झाली तरी गाड्या वाढलेल्या असतात.

मुंबईत हेच जरा वेगळ्या तऱ्हेनं घडलं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्यातली माणसं सुमारे अडीच लाखांनी कमी झाली आणि त्याच काळात ठाणे जिल्हा जवळजवळ 29 लाखांनी फुगला. अर्थात शहरात राहत्या जागांवर कचेऱ्याही आल्या, म्हणून सगळं खापर लहान झालेल्या कुटुंबांवर फोडता येणार नाही.

पण आतली वस्ती एकदा ओसरली की संपली, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. लंडनमध्ये 1939 साली 86 लाख माणसं होती. 1980च्या दशकात ती 68 लाखांच्या आसपास आली. शहर बुडालं म्हणणारे तेव्हा पुष्कळ असतील. 2015 साली लंडननं तो जुना आकडा पुन्हा गाठला.

टोकियोच्या पश्चिमेला तामा न्यू टाउन आहे. 1971 मध्ये तिथे पहिली कुटुंबं राहायला आली. सुवा भागातल्या इमारती पाच मजली, आणि लिफ्ट नाही. तिशीतल्या माणसाला त्यात काय वाटायचंय? एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर, आणि चढून जायचं. तीच माणसं सत्तरीला आली तेव्हा पिशवी दर मजल्यावर खाली ठेवावी लागू लागली. दुकान खाली, दवाखाना खाली, आणि आपण पाचव्यावर. खाली उतरायचं म्हणजे परत चढायचंच, या विचारानं कितीजण घरातच बसून राहिले असतील, याची मोजदाद जनगणनेत होत नाही.

शेवटी तिथली 640 घरं पाडली आणि 2013 मध्ये त्याच जागी 1,249 घरं उभी राहिली, लिफ्टसकट. जुने रहिवासी परतले आणि वाढीव घरांत तरुण कुटुंबं आली, म्हणजे झोपाळ्यांना पुन्हा गिऱ्हाईक. या पुनर्विकासाची चर्चा रहिवाशांत वर्षानुवर्षं चालली होती म्हणे. त्याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. सोसायटीची मीटिंग जपानातही वेळेवर संपत नसणार.